लाउंजच्या दारावरची बाई

विमानतळावर नोकरीला आहे म्हटलं की लोकांना वाटायचं, ही बाई उठल्याबसल्या विमानातून फिरत असणार. ती म्हणायची, "बसायचं नाव काढू नका. आमच्या नोकरीत बसणं हाच गुन्हा." थट्टेने म्हणायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. एकोणीस वर्षं ती लाउंजच्या दारातल्या उंच काउंटरमागे उभी होती.

लाउंज म्हणजे विमानाची वाट बघणाऱ्या निवडक लोकांसाठीची वेगळी खोली. मऊ खुर्च्या, गार हवा, चहा-कॉफी, खाणं, हवं तेवढं घ्या. ज्याच्याकडे ठरावीक कार्ड त्याला आत प्रवेश, बाकीच्यांनी बाहेर भोकाभोकांच्या लोखंडी खुर्च्यांवर बसायचं. दिवसाला चारशे माणसं दारात यायची आणि त्यांतलं कोण आत, कोण बाहेर, हे सांगायचं काम हिचं.

नियम तिला झोपेतून उठवून विचारले तरी पाठ होते. कार्ड ज्याचं त्यानेच आणायचं. बोर्डिंग पास त्याच दिवसाचा हवा. विमान सुटायच्या तीन तास आधीपासून प्रवेश, त्याच्या आधी एक मिनिटही नाही. मग पोशाख. अर्धी चड्डी नाही, बनियन नाही, फाटके कपडे नाहीत, रबरी चपला नाहीत, पादत्राणं बंद हवीत. हे झाले कागदावरचे. कागदावर नसलेले आणखी वेगळे. मुद्दाम फाडून विकलेली पँट चालायची, झिजून फाटलेली चालायची नाही. न्हाणीघरात घालाव्यात तशा चपलांवर बड्या कंपनीचं नाव असलं तर ती पादत्राणं झाली, नाव नसलं तर त्या चपलाच राहिल्या. हा फरक कुठेही छापलेला नव्हता. तो लाउंज चालवणाऱ्या मोठ्या मॅडमच्या भुवईत होता. भुवई वर गेली की समजून घ्यायचं.

घरी दोनच माणसं, ती आणि नवरा. नवरा औषधांच्या दुकानात, तोही दिवसभर काउंटरमागे उभा. संध्याकाळी दोघं घरी आले की पाणी आणायला कोणी उठायचं यावरून वाद.

"देवाच्या दारात चपला बाहेर काढाव्या लागतात," ती एकदा पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या म्हणाली, "आणि आमच्याकडे चपला बघून आत घेतात."

"आणि कोणी अनवाणी आला तर?"

"तर बाहेर. अनवाणी माणसाचा आमच्याकडे विचारच केलेला नाही."

"समज, देवच आला अनवाणी. त्याला कुठली आली पादत्राणं?"

"बोर्डिंग पास मागणार," ती म्हणाली, आणि दोघंही खूप हसले. पुढे या हसण्याची तिला लाज वाटली, पण तेव्हा ती हसली खरी.

रोज सकाळी देवासमोर हात जोडल्याशिवाय तिने कधी उंबरा ओलांडला नाही. मागायची एकच गोष्ट, आज कुणाचा शाप लागू नये. कारण नकार द्यायचं काम सोपं नसतं. लोक रागावत, रडत, कुणाकुणाच्या ओळखी सांगत. मोठ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "आधी पाय, मग कपडे, मग कार्ड. चेहरा शेवटी. चेहरा आधी पाहिलात की दया येते, आणि दया आली की रांग थांबते." आणि नकार देताना नजर प्रवाशाच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवरल्या घड्याळाकडे ठेवायची. घड्याळाकडे बघून बोललं की आवाज कापत नाही. पाय नापास झाले तर कार्ड हातातही घ्यायचं नाही, उगाच माणसाला आशा लागते.

हे सगळं तिने इतकं अंगी बाणवलं होतं की काउंटरवरच्या नव्या मुली तिला माघारी 'मोजपट्टी' म्हणायच्या. तिला ते माहीत होतं. मनातून थोडा अभिमानच वाटायचा.

नोकरीतली सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे पाहुणा. खरा पाहुणा नव्हे. वर्षातून एकदा कंपनी एक परीक्षक पाठवायची, वेष बदलून. तो साधा प्रवासी होऊन यायचा आणि नियमात न बसणारं काहीतरी मुद्दाम घेऊन यायचा, वर एखादी काळजाला हात घालणारी कहाणी. काउंटरवरची बाई विरघळते की नाही, एवढंच बघायचं. दोन वर्षांपूर्वी हिच्याच शेजारी उभी राहणारी, जिला सगळे 'मधली' म्हणायचे, ती विरघळली. रबरी चपलांतली एक म्हातारी आली, पाय सुजलेत म्हणून डोळ्यांतून पाणी काढू लागली, मधलीने हाताला धरून आत नेऊन बसवली. ती म्हातारी पाहुणी निघाली. पुढच्या सोमवारपासून मधली सामानाच्या पट्ट्यापाशी, हरवलेल्या बॅगांच्या तक्रारी लिहून घेत होती. जाताना हिला म्हणाली, "माझ्या आईसारखी दिसत होती गं ती. तू मात्र जप."

तेव्हापासून रबरी चपला आणि सोबत कहाणी दिसली की ही आधी मॅडम कुठे उभ्या आहेत ते बघून घ्यायची.

त्या वर्षी धास्ती दुप्पट होती, कारण शिफ्टप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. पाहुण्याचा शेरा चांगला आला तर ती जागा हिलाच, असं मॅडमनी तोंडाने सांगितलं होतं. शिफ्टप्रमुखाला खुर्ची असते. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ज्या बाईच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्यात, जी बसमध्ये जागा मिळाली तरी पाय खाली सोडवत नाहीत म्हणून कळवळते, तिच्यासाठी खुर्ची म्हणजे काय हे तिलाच ठाऊक. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी दोन-तीन वर्षं अशी उभी राहिलात तर मग माझ्याकडे येऊ नका, सर्जनकडे जा."

आणि त्याच महिन्यात तिचा दादा गाव सोडून चालला होता.

दादा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर देवाघरी गेले, तेव्हा ही सात वर्षांची. दादा वीजखात्यात लाईनमन होता. दिवसभर खांबांवर चढून तारा जोडायचा आणि सकाळी निघण्याआधी हिच्या वेण्या घालायचा. त्याही तारांसारख्याच, करकचून पीळ देऊन. शाळेतल्या मुली विचारायच्या, "तुझ्या वेण्यांना हात लावला तर झटका बसतो का गं?" ही दहावीत असताना कुणीतरी खालून चुकून वीज चालू केली. दादा खांबावर होता. जीव वाचला, पण उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. आठ महिने त्या पायाची मलमपट्टी हिने केली, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. कोमट पाणी, कापूस, मलम. हिला रडू यायचं, तर दादाच म्हणायचा, "दोन राहिलीत ना? पुष्कळ झाली. मोजायलाही सोपी." त्यानंतर बंद बूट त्याला कधी घालताच आला नाही. रबरी चपला वापरायचा, आणि उजवी निसटू नये म्हणून तिला मागून पट्टा शिवून घ्यायचा.

स्वभावाने मुलखाचा थट्टेखोर. साठी उलटली तरी दारामागे लपून बहिणीला दचकवायचा. ती ओरडली की खूश. तिला 'टिल्ली' म्हणणारा जगात तेवढा एकच माणूस उरला होता.

वहिनी गेल्यापासून दादा एकटा पडला होता. त्याचा मुलगा, म्हणजे हिचा भाचा, लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. तो येऊन बापाला कायमचा घेऊन जाणार होता. "शनिवारचं विमान आहे," असं तिला सांगितलेलं. तिने शनिवारची रजा टाकली होती. पण विमान होतं गुरुवारचं. शनिवार ही दादाची थट्टा होती. गुरुवारी, भाच्याने दादाच्या नावावर काढलेल्या कार्डावर, एकदम लाउंजच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि टिल्लीला शेवटचं एकदा दचकवायचं, असा बेत.

गुरुवारी अकराच्या सुमाराला रांग लांब होती. मोठ्या मॅडम आतल्या दारापाशी उभ्या. भाचा मागे कुठेतरी फोनवर बोलत राहिला होता, आणि दादा त्याच्याकडून आपलं कार्ड घेऊन एकटाच पुढे झाला.

काउंटरवर कार्ड आणि बोर्डिंग पास सरकला. तिची नजर सवयीने खाली गेली. जाड करडे मोजे. त्यांवर रबरी चपला. उजवीला मागून पट्टा शिवलेला.

तिच्या मनात आलं, आला. पाहुणा आला. आणि लगेच पुढचं, या खेपेला तयारी भारी केलीय, पट्टासुद्धा शिवून आणलाय.

ज्या पायाची तिने आठ महिने मलमपट्टी केली, तो पाय तिने ओळखला नाही. मोजे मध्ये होते हे खरं, पण मोज्यांमुळे ओळखला नाही असं म्हणणं म्हणजे तिला फार स्वस्तात सोडणं होईल. तिने पाय पाहिलाच नव्हता. चपला पाहिल्या होत्या.

कार्डाला हात न लावता ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "क्षमस्व. आपल्या पादत्राणांमुळे आज प्रवेश देता येणार नाही. डाव्या हाताला सर्वांसाठी बसायची सोय आहे."

दादाला वाटलं, हिने ओळखलं आणि उलट आपलीच फिरकी घेतेय. त्याला उकळ्या फुटल्या. त्याने म्हाताऱ्या भिकाऱ्यासारखा आवाज काढला. "बाईसाहेब, पाय दुखतात हो गरिबाचे. जरा टेकू द्या की कोपऱ्यात. पुण्य लागेल."

रबरी चपला आणि वर कहाणी. तिला आता रतीभर शंका उरली नाही. आवाज आणखी कोरडा करून ती म्हणाली, "आपली अडचण समजते, पण नियम सर्वांना सारखा आहे. कृपया बाजूला व्हा. पुढचे."

"अगं टिल्ले, पुरे की आता!"

तेव्हा तिने वर पाहिलं. समोर दादा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, पुढचा एक दात पडलेला, नवा शर्ट, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तिला दचकवायला आला होता आणि ती दचकली. तिचा हात काउंटरवरून पुढे निघालासुद्धा.

तेवढ्यात मॅडम जवळ आल्या. "काय चाललंय? ओळखीचे आहेत का तुमच्या?"

आता इथे एक सांगायला हवं. कर्मचाऱ्याने आपल्या नातेवाइकाला आत सोडलं तर त्याच दिवशी ओळखपत्र काढून घेत, असा नियम होता. पण नातेवाईक असणं हा काही गुन्हा नव्हता. "हो, माझा भाऊ आहे, त्याला बाहेर बसवून येते," एवढं म्हणायला कुणाचीच आडकाठी नव्हती. पण भीतीला असं बारीक निवडता येत नाही. तिला मधली आठवली. पोटरीत कळ आली. खुर्ची दिसली. रांगेतले सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली.

दादाचं हसू एकदम गेलं नाही. दिव्याची वात हळूहळू खाली करावी तसं गेलं. मग तोच पुढे झाला आणि मॅडमना म्हणाला, "माझीच चूक झाली, बाई. माझ्या बहिणीसारख्या वाटल्या या. म्हातारपणी डोळ्यांचा काही भरवसा नाही."

त्याने कार्ड उचललं, बोर्डिंग पास उचलला, घडी नीट केली आणि निघाला. काउंटरपासून खांबापर्यंत दहा-बारा पावलं. लंगडत जाणाऱ्या माणसाला दहा-बारा पावलांना किती वेळ लागतो! देव सहसा माणसाला चूक सुधारायला एवढा सावकाश वेळ देत नाही. तिला दिला. एका हाकेचं काम होतं. ती त्याच्या नव्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिली, आणि तो खांबाआड गेल्यावर म्हणाली, "पुढचे, कृपया."

पुढचा दीड तास ती पाय बघत होती की काय बघत होती, तिचं तिलाच कळलं नाही. साडेबाराला पंधरा मिनिटांची सुट्टी झाली तशी ती धावत बाहेर गेली. लोखंडी खुर्च्यांच्या सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. फळ्यावर भाच्याच्या शहराला जाणाऱ्या विमानापुढे 'दरवाजा बंद' असं आलेलं होतं.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात नुसतीच ओट्याला टेकून उभी असताना भाच्याचा फोन आला.

"आत्या, पोचलो आम्ही. तुला फसवायचं होतं गं, शनिवार म्हणून सांगितलं होतं. पण तूच ड्युटीवर नव्हतीस म्हणे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोण म्हणालं?"

"बाबा. ते आधी पुढे गेले होते ना. म्हणाले, टिल्ली नाही, दुसरीच कोणीतरी आहे, आणि चपलांवरून आत सोडत नाही. तासभर त्या लोखंडी खुर्चीवर बसवलं मी त्यांना! आत्या, कोण गं ती बाई? नाव सांग मला तिचं. मी तक्रार करणार आहे. लेखी करणार."

शेगडीवर दूध होतं. ते वर यायला लागलेलं तिला दिसत होतं.

"नवीन असेल कोणी," ती म्हणाली. "मी विचारते."

"विचार. आणि चांगली झाड तिला. माणसाचं वय तरी बघावं!"

मागून दादाचा आवाज आला, "जाऊ दे रे, बिचारीची नोकरी आहे. टिल्लीला म्हणावं, जेवून घे."

दूध उतू गेलं. नवरा धावत आला, शेगडी बंद केली, तिचं तोंड पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. नवरा भला माणूस. म्हणाला, "अगं, भाऊच आहे तो. मनात ठेवणाऱ्यातला नाही. आणि तू तरी काय करणार होतीस? नोकरी आहे."

"त्यानेही तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि ओट्यावरचं दूध पुसत राहिली. ओटा स्वच्छ झाला तरी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर उभी राहिली तर मागायचं काय ते सुचेना. कुणाचा शाप लागू नये, असं मागायची सवय. पण शाप कुणी दिलाच नव्हता. देणारा उलट खोटं बोलून तिला पाठीशी घालून गेला होता. शापाला उतारा असतो. याला कुठला आणायचा?

तीन आठवड्यांनी कंपनीचा अहवाल आला. पाहुणा खरंच त्या गुरुवारी येऊन गेला होता. रांगेत दादाच्या मागे तिसरी उभी असलेली बाई, तांबड्या बुटांतली. तिला हिने कार्ड बघून, हसून आत सोडलं होतं; समोर आयतीच परीक्षा झालेली पाहून तिने आपली कहाणी काढलीच नव्हती. मॅडमनी सगळ्यांना एकत्र बोलावून अहवाल मोठ्याने वाचला. "'एका वृद्ध प्रवाशाने भावनिक दबाव आणला, तसेच ओळख असल्याचा आभास निर्माण केला, तरी कर्मचाऱ्याने शांतपणे, सौजन्याने आणि ठामपणे नियमाचे पालन केले. हा प्रसंग नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात उदाहरण म्हणून घ्यावा.'" मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक जण कानाशी येऊन म्हणाली, "ताई, आम्हीपण तेव्हा फसलो असतो. काय नाटक करत होता म्हातारा, नाही का?"

तिला खुर्ची मिळाली. काळी, चाकांची, पाठ टेकायला उंच. पहिल्या दिवशी बसली तेव्हा पायांना बरं वाटलं. पायांना काय, ते बेशरम असतात.

शिफ्टप्रमुख झाल्यावर तिला एक जाड पुस्तिका मिळाली. काउंटरवरच्यांना चार पानं दिलेली असत, ही साठ पानांची. कामाच्या तिसऱ्या दिवशी पान उलटता उलटता ती थांबली. 'व्यंग, शस्त्रक्रिया अथवा दुखापतीमुळे बंद पादत्राणे वापरू न शकणाऱ्या प्रवाशास पोशाखाच्या नियमातून सूट द्यावी. ही तरतूद शिफ्टप्रमुखांपुरती मर्यादित ठेवावी, काउंटरवर सांगू नये, गैरफायदा घेतला जाण्याची शक्यता आहे.' तिने ते तीनदा वाचलं. मग मॅडमकडे गेली.

"हे आधीपासून आहे?"

"कितीतरी वर्षांपासून," मॅडम म्हणाल्या. "सांगितलं असतं तर उद्या सगळेच लंगडत आले असते." आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

म्हणजे त्या दिवशी ती एवढंच म्हणाली असती, माझा भाऊ आहे, पायाची बोटं गेलीत, तर मॅडमनाच सही करून त्याला आत न्यावं लागलं असतं. कुणाचीही नोकरी न जाता.

दादाचा दर रविवारी फोन यायचा. हवा, गुडघा, शेजारचा बहिरा मित्र, नातवाचे प्रताप, सगळं बोलायचा. तिच्या कामाचं मात्र अवाक्षर नाही. आधी दर फोनला विचारायचा, "काय टिल्ले, आज किती जणांना बाहेर काढलंस?" तो प्रश्न बंद झाला. एकदा धीर करून ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी—"

"कुठल्या दिवशी?"

"गुरुवारी. तू निघालास तेव्हा."

"मला आता वार आठवत नाहीत गं. तुझ्याकडे पाऊस आहे का?"

क्षमा मागायला समोरच्याने निदान दार तरी उघडावं लागतं. दादाने दार आपटलं नव्हतं, नुसतं लोटून घेतलं होतं, आणि पलीकडून तो तिच्याशी हसून बोलत होता.

अकरा महिन्यांनी तो आला. पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत असा दाखला कचेरीत स्वतः उभं राहून द्यावा लागतो, त्यासाठी. चार दिवस बहिणीकडेच राहिला. जेवणाला नावं ठेवली, भावोजींना पत्त्यांत हरवलं, नळाची गळती दुरुस्त केली. दारामागे मात्र एकदाही लपला नाही. ती प्रत्येक खोलीत शिरताना क्षणभर थांबायची, आता येईल, आता ओरडेल म्हणून. दाराआड कोणी नसायचं.

परतीच्या दिवशी तिने सगळी तयारी केली. सूट देण्याचा कागद स्वतःच्या सहीने, शिक्क्यासह. नातं लिहायच्या रकान्यात 'भाऊ', आणि खाली मॅडमचीही सही, कारण नातेवाइकासाठी दोन सह्या लागायच्या. मॅडमनी सही करताना विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे? कधी बोलला नाहीत." तिने कागदाची घडी घातली.

दहाला ती बाहेर येऊन पाहते तर दादा लोखंडी खुर्चीवर बसलेला. पाय पुढे पसरलेले. तिच्या दाराकडे पाठ.

"दादा, इथे काय बसलास? चल आत. मी कागद केलाय. सगळं नियमात आहे."

त्याने कागद हातात घेतला, लांब धरून पूर्ण वाचला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

"मोठी झालीस गं. सहीसुद्धा केवढी ऐटबाज." मग म्हणाला, "पण मी इथे बरा आहे. इथून विमानं दिसतात."

"आतूनही दिसतात."

"दिसत असतील."

"दादा, चल ना. दोन तास आहेत. मऊ खुर्च्या आहेत, चहा आहे. मी स्वतः आणून देते."

"कशाला? आत गेलो आणि कोणी विचारलं, हे कोण, म्हणून. तुझी पंचाईत व्हायची."

हे तो थट्टेच्या सुरात म्हणाला. त्याच्याकडे दुसरा सूर नव्हताच. पण हसला नाही.

"मी सांगेन की. माझा दादा आहे म्हणून सांगेन. सगळ्यांना सांगेन."

दादाने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या रांगेत एक माणूस तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. लांबवर एक बाई फरशी पुसत होती. बाकी खुर्च्या रिकाम्या.

"इथे सांगायला सोपं आहे, टिल्ले," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली. दोघांनी मिळून एक विमान वर जाताना पाहिलं. तिला वाटलं, आता आपण मोकळेपणाने रडावं, मग हा डोक्यावर हात ठेवील आणि सगळं धुऊन निघेल. पण रडू येईना, आणि त्याचे दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर होते. थोड्या वेळाने दारातून तिच्या हाताखालच्या मुलीची हाक आली, "मॅडम! जरा येता का?"

"जा," दादा म्हणाला. "रांग लागली असेल."

"लागू दे."

"जा गं. तुझी माणसं खोळंबली असतील."

ती उठली. दारापाशी पोचेपर्यंत दोनदा वळून पाहिलं. तो विमानं बघत होता.

रांग खरंच लागली होती.